उंट मी हलवला होता

४ मार्च

दादा,

उंट मी हलवला होता.

हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, कारण तू पत्र फाडलंस तरी एवढं तर वाचशील. तीन वर्षांपूर्वी, ज्या दिवशी तू बॅग घेऊन गेलास, त्या दिवशी बाबांचा उंट दोन घरं तिरका सरकला होता तो बाबांनी नाही सरकवला. तूही नाही. मी सरकवला. शाळेतून आलो, दप्तर टाकलं, पट बघितला, आणि बोट लावलं. बस्स.

पत्ता आत्याच्या वहीतून चोरला. तिला कळलं तर ती माझी सालटी काढेल. तू नंबर बदललास, आणि नवा नंबर ती कुणाला देत नाही. "त्याने शपथ घातलीये," म्हणते. म्हणून पत्र. माझं अक्षर तुला माहीत आहे, कोंबडीने नाचून काढल्यासारखं. लागेल तसं वाच.

आता तू विचारशील, का हलवलास. खरं सांगू? गंमत म्हणून. त्याच्या आधी नाही का मी बाबांच्या राजाच्या जागी शेंगदाणा ठेवला होता? तू कारखान्यातून आलास आणि शेंगदाण्यालाच शह दिलास. सकाळी बाबांनी तो खाल्ला आणि म्हणाले, "राजा शहीद झाला." तेव्हा सगळे हसलो होतो. मला वाटलं, याही वेळी तू दारातूनच ओरडशील, "भुंग्या, कान आण इकडे!"

पण तू ओरडलास ते बाबांवर.

आणखी एक कारण होतं. ते पुढच्या पत्रात लिहीन, हिंमत झाली तर.

तुझा
भुंगा

---

१६ मार्च

दादा,

उत्तर नाही. ठीक आहे, मला असं पत्र आलं असतं तर मीही दिलं नसतं.

दुसरं कारण लिहितो. तू मला जुना गेमचा खोका आणून दिलास ना, दोन रिमोटवाला? म्हणाला होतास, एक तुझा, एक माझा. त्या दुसऱ्या रिमोटवर धूळ बसली होती. तू दोनला जायचास, रात्री दहाला यायचास. बाबा पहाटे वर्कशॉपला, दुपारी घरी. दोघांची गाठ फक्त त्या पटावर. तू निघताना एक चाल, ते दुपारी झोपून उठल्यावर एक चाल, आणि जिथून सोंगटी उचलली तिथे तुझ्या कारखान्यातलं ते लाल बटण. समोरच्याला कळावं, काय हललं ते. त्यासाठी तुझ्याकडे पाच मिनिटं असायची. बूट घालून, डबा काखेत धरून, पट मांडलेल्या त्या शिलाई मशीनसमोर तू उभा. मी मागून म्हणायचो, "दादा, एक राउंड?" तू म्हणायचास, "डाव संपू दे."

तो डाव एक्केचाळीस दिवस चालला होता. मी मोजत होतो.

म्हणजे हलवला तेव्हा थोडी गंमत होती आणि थोडी जळजळ. किती किती ते मलाच माहीत नाही.

मग तू आलास, बटण बाबांच्या प्याद्याच्या घरात बघितलंस, आणि उंट भलतीकडेच. तू बाबांना उठवून म्हणालास, "एका वेळी दोन चाली? मात होत होती म्हणून?" बाबा म्हणाले, "तुला प्यादं कसं चालतं ते मी शिकवलं, आणि मला चोर म्हणतोस?" त्यांना वाटलं, उंट तूच सरकवलास. दुसऱ्या गावचं काम तू आधीच धरलं होतंस ना, तर जायला निमित्त हवं होतं म्हणून. मग पटावरून कामावर, कामावरून घरखर्चावर, तिथून आजोबांपर्यंत. मी पांघरुणात होतो. जागा होतो. तोंड उघडायला एक मिनिट पुरलं असतं. पहिल्या मिनिटाला मला हसू येत होतं, दुसऱ्या मिनिटाला भीती वाटली, आणि तिसऱ्याला तू बॅग काढलीस.

गेममध्ये कसं असतं, चुकलं की मागच्या सेव्हवर जायचं. पुन्हा तोच दरवाजा, तोच राक्षस, आपण मात्र शहाणे. मी किती वेळा झोपून तिथे गेलोय सांगू? दप्तर टाकतो, पट बघतो, आणि हात खिशात घालतो.

सकाळी बटण नव्हतं. तू घेऊन गेलास ना? बाबांनी शोधलं. मशीनखाली गुडघे टेकून.

भुंगा

---

२९ मार्च

दादा,

अजून उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे कुणीतरी घेतंय. घरमालकीण वाचत असेल तर काकू, नमस्कार, कृपा करून वरच्या मजल्यावर द्या.

आता जे लिहितोय ते उंटापेक्षा वाईट आहे. बसून वाच.

तू गेल्यावर पट तसाच राहिला. बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. आई एकेक सोंगटी उचलून पुसते आणि त्याच घरात ठेवते, आणि पुसताना श्वास धरते. पाहुणे आले की आई आधी सांगते, "त्या मशीनवर काही ठेवू नका हं." एकदा शेजारणीने पर्स ठेवली. बाबा जेवता जेवता उठले.

चाल तुझी होती. तीन वर्षं चाल तुझीच होती.

नोव्हेंबरअखेर बाबा रिटायर झाले. वर्कशॉपवाल्यांनी एक हार घातला, घड्याळ दिलं. घड्याळ पाच मिनिटं मागे पडतं. बाबांनी ते उघडून दुरुस्त केलं, आता सात मिनिटं पुढे जातं. नंतर त्यांना काही कामच उरलं नाही. दिवसभर खिडकीशी खुर्ची, समोर पट. आई म्हणाली, "अहो, देवळातल्या मूर्तीसारखे काय बसलाय, भाजी तरी आणा." ते भाजी आणायला जायचे आणि पिशवी रिकामी घेऊन यायचे.

मला ते बघवेना. आणि मला बघवेनासं झालं की मी काहीतरी करतो. तीच तर बोंब आहे.

मी आता गेमच्या दुकानात आहे, बाजाराच्या मागच्या गल्लीत. पोरं तासावर खेळायला येतात, रिमोट आपटतात, मी त्यांची बटणं बदलतो. तिथल्या एका मशीनमध्ये बुद्धिबळाचा गेम आहे. कुणी खेळत नाही. एक दिवस मी त्यात आपला पट मांडला, जसाच्या तसा, तुझ्या बाजूने. मशीनने अर्ध्या सेकंदात चाल दिली.

मी घरी आलो आणि म्हणालो, "बाबा, दादाचा दुकानावर फोन आला होता. म्हणाला, घोडा डावीकडून पुढे घ्या."

दादा, त्यांनी वर बघितलं. मला वाटलं, आता एक ठेवून देतात. ते म्हणाले, "कोणता घोडा?"

आईने लगेच विचारलं, "माझं काही विचारलं का त्याने?"

आता काय म्हणणार? म्हणालो, "विचारलं ना. गुडघे कसे आहेत म्हणाला." ती आत गेली आणि बराच वेळ नळ वाहत होता.

तर जानेवारीपासून तू बाबांशी खेळतोयस. आठवड्याला दोन चाली. बटणाच्या जागी बाटलीचं झाकण आहे.

आणि हो, मी आईला सांगितलंय की तू मिशी ठेवलीस. तिने फार खोदून विचारलं, काहीतरी द्यावं लागलं.

भुंगा

---

१२ एप्रिल

दादा,

बाबा हरतायत आणि खूश आहेत. असा माणूस मी आयुष्यात बघितला नाही. तुझा, म्हणजे त्या खोक्याचा, घोडा त्यांच्या डोक्यावर नाचतोय आणि ते आईला सांगतात, "शिकलाय हो पोरगा." भाजीची पिशवी भरून येते. परवा कोथिंबीर मागितली नव्हती तरी आणली.

मला तू आणि बाबा आठवता. बाबा माझ्या खोक्याला काय काय म्हणायचे! "बोटांचा व्यायाम." "पेटीतली माकडं." म्हणायचे, लाकडाच्या खेळात समोर माणूस असतो. आणि मी मनात म्हणायचो, कुठे असतो? तुम्ही दोघं वर्षभर खेळलात आणि एका खोलीत एकदाही बसला नाहीत. आमच्या दुकानात ये कधी. एका फाटक्या सोफ्यावर चार पोरं, एकमेकांच्या मांडीवर पाय, कोपरं बरगडीत. "मागे बघ, मागे बघ, गाढवा!" एक जण मेला की बाकीचे तीन त्याच्या नावाने बोंब मारतात. दोन भाऊ येतात रोज. धाकट्याला खेळता येत नाही, तर मोठा त्याला बंद पडलेला रिमोट देतो. धाकटा समजतो, आपणच गाडी चालवतोय. मला कळतं, तरी मी तो रिमोट दुरुस्त करत नाही.

पण बाबांचंही खरं आहे. त्या मशीनला काही वाटत नाही. बाबा चार दिवस डोकं खाजवतात आणि ते अर्ध्या सेकंदात उत्तर देतं. एकदा बाबा म्हणाले, "दादा इतक्या लवकर चाल देत नसे. पायातला बूट काढून परत घालायचा, एवढा वेळ घ्यायचा." तेव्हापासून मी चाल तीन दिवस खिशात ठेवतो.

खरी गोष्ट पुढेच आहे. मागच्या आठवड्यात दुकानातलं ते मशीन जळलं. बाबा सकाळ-संध्याकाळ विचारायला लागले, "फोन?" शेवटी मी स्वतःच एक चाल ठोकली. मला काय येतं? म्हणालो, "हत्ती सरळ पुढे, चार घरं." हत्ती थेट त्यांच्या वजिराच्या तोंडात. फुकट. माझ्याही लक्षात आलं, पण झाकण ठेवून झालं होतं.

बाबांनी हत्ती मारला नाही. पूर्ण दिवस बघत बसले. जेवताना म्हणाले, "आज बरं खेळला."

दुसऱ्या दिवशी मला हाक मारली. "इकडे बस. हत्ती असा मोकळा सोडायचा नसतो. मागे कुणीतरी लागतं. तो विसरलेला दिसतोय. तू नीट समजून घे आणि फोन आला की त्याला सांग."

त्यांनी अर्धा तास शिकवलं. माझा हात धरून हत्तीवर ठेवला. त्यांच्या बोटांना अजून ग्रीसचा वास येतो. अर्धा तास, दादा. इतका वेळ बाबा माझ्याशी कधीच बोलले नव्हते, ओरडायलासुद्धा नाही. ते "त्याला" म्हणत होते आणि बघत होते माझ्याकडे.

हत्ती तसाच उभा आहे. कुणी मारत नाही.

मशीन दुरुस्त झालंय.

भुंगा

---

२६ एप्रिल

दादा,

आता गंमत संपली. नीट ऐक.

वर्कशॉपचं क्वार्टर सोडायचं आहे. रिटायर झाल्यावर सहा महिने देतात, ते ३१ मेला संपतात. नवी खोली आत्याच्या गावाला, एकच, तिथे शिलाई मशीन मावत नाही. आई ते विकतेय. भांडी खोक्यात गेली, पंखा निघाला, भिंतीवर त्याचे चार काळे ठिपके राहिले. फक्त मशीन आणि पट तसाच आहे. मी म्हणालो, "बाबा, मी फोटो काढून ठेवतो, तिकडे तसाच मांडू." ते म्हणाले, "एकदा उचलला की तो डाव नाही राहत."

काल त्यांनी मला समोर बसवलं. मान खाली. म्हणाले, "त्याला माझा एक निरोप दे. म्हणावं, तो उंट मीच हलवला असेन. दुपारच्या झोपेतून उठून चाल केली होती, हात लागला असेल. आठवत नाही. पण मीच असेन." आणि त्यांनी त्यांचा राजा आडवा ठेवला. स्वतःच्या हाताने. "म्हणावं, डाव सोडला मी. घर बदलायच्या आत एकदा ये."

चाळीस वर्षं ज्या माणसाने बसच्या इंजिनातही स्वतःची चूक मानली नाही! आणि मानली ती न केलेली.

मी म्हणालो, "बाबा, उंट मी हलवला."

"काय?"

"शाळेतून आलो होतो. मी हलवला."

"तीन वर्षं?"

"हो."

"दादाला माहीत आहे?"

"मार्चमध्ये लिहिलंय पत्रात."

"म्हणजे आधी त्याला. मग मला."

मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, त्यांचा कप घेतला, आणि मोरीत जाऊन धूत राहिले. तो धुतलेलाच होता. आई दारात उभी होती, हातात कागदाचा बोळा, त्यात अर्धी गुंडाळलेली बशी. ती मला एवढंच म्हणाली, "तू तेव्हा सोळा वर्षांचा होतास. आणि काल?"

दादा, उंटाचं मी सांगितलं. फोनचं नाही सांगितलं. तोंडापर्यंत आलं होतं. पण चार महिने ज्याच्याशी खेळले तो तू नव्हतास, पेटीतलं माकड होतं, हे त्यांना त्याच दिवशी कसं सांगू? राजा तसाच आडवा पडलाय. आईने पुसताना तो आडवाच उचलला आणि आडवाच ठेवला.

माझ्याशी बोलू नकोस हवं तर. जन्मभर नको बोलूस. पण ३१च्या आत ये. नंतर तुला दार ठोठावायला हे घरही नसेल.

भुंगा

---

९ मे

दादा,

मिळालं.

परवा पोस्टमन आला तेव्हा मी खोक्यांना दोरी बांधत होतो. पाकीट हलवलं तर आत काहीतरी खुळखुळलं. उघडलं आणि लाल बटण जमिनीवर पडून गोल गोल फिरत थेट बाबांच्या पायाशी गेलं. मी ठरवून टाकलं असतं तरी गेलं नसतं.

बाबांनी ते उचललं. बारा दिवसांत माझ्याशी एक शब्द बोलले नव्हते. म्हणाले, "वाच."

तू एवढंच लिहिलंयस: "बाबांचा राजा उभा कर. डाव अर्धा आहे. रविवारी येतो. पट मी उचलेन, तुम्ही कुणी हात लावू नका."

मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग स्वतः वाचलं, चष्मा नसताना. राजा त्यांनी उभा केला, मला नाही करू दिला. बाटलीचं झाकण काढलं आणि तिथे बटण ठेवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "ये. घोडा दाखवायचा राहिलाय तुला."

"मला की दादाला?" तोंडातून निघून गेलं.

"बस मुकाट्याने," म्हणाले.

दादा, मला वाटतं त्यांना कळलंय. हत्तीच्या दिवशीच कळलं असेल. पण ते विचारत नाहीत आणि मी सांगत नाही, आणि परवापासून रोज संध्याकाळी अर्धा तास खिडकीशी दोन खुर्च्या असतात. तू आलास की त्यातली एक तुझी, कबूल. मी जमिनीवर बसेन. बंद रिमोट दिलास तरी चालेल.

तर तुझ्या पाया पडतो, एवढं कर. सोबतच्या कागदावर जानेवारीपासूनच्या तुझ्या सगळ्या चाली लिहिल्यात, प्रवासात पाठ कर. फोन तू दुकानावर करायचास, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. आईच्या गुडघ्यांचं दर वेळी विचारायचास. मिशीचं काय ते बघ, चार दिवस आहेत, येईल तेवढी येऊ दे. बाबांनी घोड्याचं कौतुक केलं की मान खाली घाल, म्हण, तिकडे वेळ मिळतो. आणि हत्ती का सोडलास म्हणून विचारलं तर म्हण, चुकलं. एवढंच म्हण. ती एक चाल सोडून बाकी एकही माझी नाही. ती तुझ्या नावावर घे.

उंटाबद्दल तू मला सगळ्यांसमोर बडव. पण दुकानातल्या त्या मशीनचं कुणाला सांगू नकोस. आईला नाही. आत्याला तर मुळीच नाही, तिला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. आणि बाबांना, त्यांनी स्वतः विचारलं तरी, त्यांना माहीत आहे असं तुला दिसलं तरी, सांगू नकोस. एवढं एक कर, दादा. कुणालाही सांगू नकोस.

तुझा
भुंगा